चार नंबरची पाचर

चार नंबरची गाडी चौथ्यांदा ट्रॅक्टरच्या मागे बांधून खाली आली, तेव्हा उस्तादांनी हातातला कप टेबलावर असा आपटला की अर्धा चहा नव्या बेल्टच्या खोक्यावर सांडला. गाडी दारात पोचण्याआधी तिचा वास पोचला होता. जळक्या रबराचा हा वास गेल्या तीन महिन्यांत उस्तादांच्या नाकात इतका बसला होता, की घरी दूध उतू गेलं तरी ते "बेल्ट गेला" म्हणत.

"परत?" उस्तादांनी विचारलं.

"परत," ट्रॅक्टरवाला म्हणाला आणि तोंड फिरवून हसला.

हसायला कारण होतं. गॅरेजच्या दारावर उस्तादांनी स्वतःच्या हातानं निळ्या रंगात लिहिलेली पाटी होती: 'इथे दुरुस्त झालेली गाडी परत येत नाही.' अठरा वर्षं ती पाटी खरं बोलत आली होती. मध्ये एक जीप परत आली होती, पण तिच्या मालकाला विसरलेली छत्री हवी होती, म्हणून उस्ताद ती धरत नसत. चार नंबरनं मात्र पाटीची पार अब्रू काढली. कुणीतरी खाली खडूनं 'चार नंबर सोडून' असं लिहून ठेवलं होतं. उस्तादांनी ते पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

गाडी डोंगरावरच्या रोपवाटिकेची. तिथं पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेल्या वाफ्यांपर्यंत माती, खत, पाण्याचे पिंप, कुंड्या असं सगळं पोचवायला सहा छोट्या डोंगरगाड्या होत्या. पुढे दोन माणसं, मागे हौदा, चार जाडजूड टायर. रस्ता असो नसो, खाचखळग्यांतून तिरक्या चालत जायच्या, म्हणून सगळे त्यांना खेकडे म्हणत. सहाच्या सहा खेकडे उस्तादांकडेच दुरुस्तीला यायचे. पाच खेकडे गुणी होते, वर्षातून एकदा तेल बदललं की खूश. सहावा, म्हणजे नंबर चार, दर तीन आठवड्यांनी क्लचचा बेल्ट जाळून बसायचा. पहिल्या वेळी उस्तादांनी बेल्ट बदलला. दुसऱ्या वेळी क्लचच्या आतले झिजलेले रोलरही बदलले. तिसऱ्या वेळी अख्खा क्लच उघडून पुलीवर चिकटलेलं काळं रबर घासून काढलं, हवा आत यायची नळी साफ केली, इंजिनाचा फेरा कमी केला आणि वर झाकणाला नवं रबर बसवलं. प्रत्येक वेळी गाडी अंगणात दोनचार चकरा अशी मारायची, की बघणाऱ्यानं लगेच विकत घ्यावी.

आणि आता ही चौथी वेळ. उस्तादांनी गिअरचा दांडा हलवून बघितला. कर्रर्र! इंजिन नुसतं गुरगुरत उभं असतानासुद्धा दांडा दात खात होता. बेल्टचं रबर वितळून पुलीला चिकटलं होतं, त्यामुळे क्लच सुटतच नव्हता.

ट्रॅक्टरच्या पलीकडच्या बाजूनं चार नंबरचा चालक उतरला. धिप्पाड, बत्तीस वर्षांचा, हातात पिवळं फडकं. तो आधी गाडीपाशी गेला आणि तिच्या काचेवरची धूळ पुसू लागला. मेलेल्या गाडीची काच पुसणारा माणूस उस्तादांनी दुसरा पाहिला नव्हता. दुर्दैवानं हा त्यांचा सख्खा मेहुणा होता.

त्याला सगळे बरंभाऊ म्हणत, कारण काहीही सांगा, उत्तर एकच यायचं: "बरं." दार लाव म्हटलं की "बरं". लावलेलं उघड म्हटलं तरी "बरं". ताईच्या घरी, म्हणजे उस्तादांच्या घरी, तो दोन वर्षं राहिला. त्या दोन वर्षांत त्याची पाच कामं सुटली. किराणा दुकानात मालकानं "कुणालाही उधार देऊ नकोस" म्हटलं, तर त्यानं मालकाच्या बायकोलाही दिलं नाही. शेवटी उस्तादांनीच त्याला दोन दिवसांत ही गाडी शिकवली आणि रोपवाटिकेत चिकटवलं. शिकवल्यानंतर उस्तादांचा घसा आठवडाभर बसला होता. पण त्या गोष्टीला आठ महिने झाले, बरंभाऊ तिथं टिकला होता, पाच महिने सपाटीवर कुंड्या वाहिल्यावर तीन महिन्यांपूर्वी वरच्या वाफ्यांची माती त्याच्याकडे आली होती, त्याला तिथं राहायला खोली मिळाली होती, आणि घरातली त्याची गादी गुंडाळून कपाटावर गेली होती.

"काय रे," उस्ताद म्हणाले, "गिअर नीट टाकतोस ना?"

"हो दाजी."

"ॲक्सिलरेटर एकदम दाबत नाहीस ना?"

"नाही दाजी. तुम्ही सांगितलं होतं तसंच चालवतो. त्यात काडीचा बदल नाही."

"मग बेल्ट काय उंदीर जाळतात?"

बरंभाऊनं यावर प्रामाणिकपणे विचार केला. "उंदीर दिसले नाहीत, दाजी."

दुपारी रोपवाटिकेच्या बाईंचं बोलावणं आलं. बाई तीस वर्षं शाळेत शिकवून मग रोपांकडे वळल्या होत्या. त्यांच्या कचेरीत शाळेतला एक काळा फळा होता आणि त्यांच्यासमोर खुर्ची असूनही माणसं आपोआप उभी राहत. फळ्यावर सहा गाड्यांचे नंबर लिहिले होते. चार नंबरपुढे 'चालक' असं लिहून तीन रेघा होत्या. उस्तादांच्या डोळ्यांदेखत बाईंनी चौथी ओढली.

"उस्ताद, एक तर दुरुस्ती कच्ची आहे, नाहीतर चालक कच्चा आहे," बाई खडू झटकत म्हणाल्या. "तिसरं काही असलं तर सांगा."

उस्तादांनी तिसरं शोधायला फळाभर नजर फिरवली.

"दुरुस्ती कच्ची असेल तर सहाही गाड्या मी दुसरीकडे पाठवीन. चालक कच्चा असेल तर त्याला घरी पाठवीन. शनिवारी सकाळी दहा वाजता मला उत्तर हवंय. विचार करून या, आणि खरं सांगा. तुमचा मेहुणा आहे हे मला माहीत आहे."

इकडे आड, तिकडे विहीर. घरी येईपर्यंत उस्तादांनी दोन्हींत डोकावून पाहिलं. सहा खेकडे गेले तर गॅरेजात उरतील दोन स्कूटर आणि ती पाटी. पण मनातल्या मनात त्यांचा निकाल ठरलेला होता. आपल्या हातात खोट असणं शक्य नाही, म्हणजे खोट त्याच्या पायात. हे सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. म्हणजे बायकोला.

बायको भाजी चिरत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं सुरी बाजूला ठेवली. सुरी बाजूला ठेवली की विषय गंभीर, हे उस्तादांना लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"माझा भाऊ सांगितल्या शब्दाबाहेर जात नाही," ती म्हणाली.

"तो हो म्हणतो गं. करतो काय, देव जाणे."

"तो करतोच. लहानपणी आई त्याला म्हणाली, मी येईपर्यंत या पायरीवरून हलू नकोस. आई पाहुण्यांकडे अडकली. चार तास बसला होता. चड्डी ओली झाली, पण पोरगं हललं नाही."

"मग बेल्ट का जळतो?"

"ते मला काय विचारता? उस्ताद तुम्ही. त्याच्या शेजारी बसून वर गेला आहात का कधी?"

उस्तादांनी बाजूला ठेवलेली सुरी हळूच तिच्यापुढे सरकवली. शिकवणीनंतर ते त्या माणसाच्या शेजारी बसले नव्हते. गाडी दुरुस्त करायची, रिकाम्या अंगणात फिरवायची, वर पाठवून द्यायची, एवढंच तीन महिने चाललं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण बायकोसमोर हे कबूल करणं त्यांच्या तब्येतीला मानवत नसे.

"नोकरी गेली तर इथंच येईल," बायको म्हणाली आणि तिनं कपाटावर बघितलं. उस्तादांनीही बघितलं. गुंडाळलेली गादी तिथं दोरीनं बांधून ठेवली होती. "मी ठेवून घेईन, त्याचं काही नाही. पण यावेळी त्याला तिथं बरं वाटतंय हो. परवा पहिल्यांदा मला म्हणाला, ताई, माझी गाडी. 'माझी' म्हणाला."

हे ऐकून उस्तादांना उगाचच भाजीत मीठ कमी वाटलं, आणि भाजी तर अजून शिजायचीच होती.

गुरुवारी दिवसभर खपून त्यांनी चार नंबरच्या पुल्या आरशासारख्या केल्या, पाचवा बेल्ट बसवला, आणि शुक्रवारी सकाळी एक जादा बेल्ट आणि हत्यारांची पिशवी घेऊन स्वतः रोपवाटिकेत गेले. बरंभाऊला त्यांनी सांगितलं, "आज मी तुझ्याबरोबर येतोय. रोज करतोस तसंच सगळं कर. मी नाही असं समज."

"बरं, दाजी," बरंभाऊ म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास त्यानं उस्तादांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हौद्यात मातीची वीस पोती चढवताना उस्ताद वाटेत उभे होते, तर तो त्यांच्या पायावर पोतं ठेवता ठेवता राहिला.

उस्ताद मागच्या बाजूला जाऊन पोत्यांवरचा दोर तपासून आले, शेजारच्या जागेवर बसले. बरंभाऊनं पाय ब्रेकवर ठेवला, इंजिन चालू केलं, इंजिन शांत होईपर्यंत थांबला, मग दांडा न्यूट्रलवरून हायमध्ये, म्हणजे सपाटीवरच्या गिअरमध्ये, टाकला. टक. आवाज नाही, झटका नाही. उस्तादांनी मान डोलावली आणि लगेच थांबवली, कारण ते इथं नव्हते.

सपाटीवर गाडी अशी गेली की हौद्यातलं एक पोतं हललं नाही. मग चढ सुरू झाला. चढ चांगलाच होता. वर वाफ्यांपर्यंत दगडगोट्यांची वाट, मध्ये दोन वळणं. वीस पोती आणि दोन धट्टीकट्टी माणसं घेऊन चार नंबर चढू लागली. चालीला लागलेली गाडी हळूहळू रेंगाळली. इंजिन घुमत होतं, पण चाकं माणसाच्या चालीनंही फिरेनात. पहिल्या वळणावर उस्तादांच्या नाकात तो ओळखीचा वास शिरला.

"अरे, तू अजून हायमध्येच आहेस?"

बरंभाऊ समोर बघत होता. उस्ताद इथं नव्हते.

"अरे मी आहे! मी आलोय! आता माझं ऐक!"

"बरं, दाजी."

"गाडी थांबव आणि लोमध्ये टाक!"

गाडी थांबली. पण दांडा हलला नाही.

"लोमध्ये टाक म्हणतोय ना मी!"

"नाही, दाजी."

उस्तादांना वाटलं आपली ऐकण्यात चूक झाली. दहा वर्षांच्या नात्यात या माणसाच्या तोंडून 'नाही' हा शब्द हुकमाला उत्तर म्हणून त्यांनी कधी ऐकला नव्हता. "नाही म्हणजे?"

"तुम्हीच सांगितलंय ना, लोमध्ये टाकायचं नाही म्हणून."

"मी आत्ता सांगतोय, टाक!"

"तेही तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं, दाजी," बरंभाऊ नम्रपणे म्हणाला. "'उद्या मी स्वतः येऊन सांगितलं तरी टाकायचं नाही.' आता तुम्ही स्वतः येऊन सांगताय."

उस्तादांनी चिडून दांडा आपल्याच हातानं खाली ओढला. तो सगळ्यात खालच्या खाचेपाशी जाऊन खट्टकन अडला. खाली वाकून बघितलं तर खाचेत लाकडाचा एक तुकडा ठोकून बसवला होता.

"हे काय?"

"पाचर. दांडा चुकून खाली जाऊ नये म्हणून."

"गाडी गॅरेजात आली तेव्हा ही कधी दिसली नाही ती!"

"तुमच्याकडे यायची असली की काढून खिशात ठेवतो. तुम्हाला लो लागत असेल ना."

उस्तादांना सगळं आठवलं. आठ महिन्यांपूर्वी अंगणात शिकवणी चालली होती. दारात तीन गिऱ्हाइकं उभी होती. बरंभाऊनं चालत्या गाडीत दांडा हायवरून सरळ लोमध्ये ओढला, आणि गिअरनं अशी किंचाळी फोडली की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. एक गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. ते हसू उस्तादांना झोंबलं, आणि ते ओरडले: "हात तोडीन तुझा! त्या शेवटच्या खाचेत दांडा परत कधी नेलास तर याद राख! मी जिवंत आहे तोवर नाही! उद्या मी स्वतः येऊन सांगितलं तरी टाकायचं नाही! कळलं?" बरंभाऊ म्हणाला होता, "बरं, दाजी." मग उस्ताद चहा प्यायले आणि विसरले. चालत्या गाडीत टाकू नये, थांबून टाकावं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण सांगितलं ते भलतंच, आणि ज्याला सांगितलं तो विसरणाऱ्यातला नव्हता.

चढावर ओझं ओढायचं असेल तर लो लागतोच. लोमध्ये गाडी सावकाश चालते, पण इंजिन मोकळं फिरतं आणि बेल्ट पुलीला घट्ट धरून राहतो. तेच ओझं हायमध्ये चढवलं की बेल्ट घसरतो, तापतो, आणि शेवटी जळतो. हे कुणालाही कळेल. बाकीच्या पाच चालकांना कळत होतं, कारण त्यांना उस्तादांनी शिकवलं नव्हतं.

"अरे, मग बोलायचं तरी!" उस्तादांचा आवाज चिरकला. "बेल्ट जळतोय हे दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं. मला वाटलं, दाजींनी सांगितलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. गिअर वाचावा म्हणून बेल्ट जाऊ देत असतील." मग तो फडक्याची घडी करत म्हणाला, "रात्री झोप लागायची नाही मला. पण शब्द दिला होता."

एरवी तीन आठवडे काढणारा बेल्ट आज उस्तादांच्या जादा वजनानं पहिल्याच चढावर हरला आणि तेवढ्यात झाकणाच्या फटीतून पांढरा धूर आला. आणि धुराच्या पलीकडून, वरच्या वाफ्यातून, हातात पाण्याची झारी घेऊन बाई खाली उतरताना दिसल्या.

"शनिवार उद्या आहे, उस्ताद," बाई म्हणाल्या. "तुम्ही एक दिवस आधीच आलात."

दोघंही गाडीतून उतरून उभे राहिले. उतरता उतरता बरंभाऊनं पाचर उपटून खिशात टाकली होती. बाईंनी धूर पाहिला, हौद्यातली पोती पाहिली, दांडा पाहिला. बाई उगाच गाड्यांच्या मालकीण नव्हत्या.

"एवढ्या ओझ्यानं चढ हायमध्ये चढवता? लो टाकत नाही?"

बरंभाऊ एकदा उस्तादांकडे बघून म्हणाला, "नाही, बाई."

"का?"

त्याचे कान लाल झाले. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्याला ते शब्द एकेक करून जमवावे लागले. "मी... विसरतो. दाजींनी शिकवलं होतं नीट. मीच विसरतो. दुरुस्ती पक्की आहे, बाई. चालक कच्चा आहे."

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. हे बाईंचंच वाक्य होतं. म्हणजे फळ्यासमोरची गोष्ट याच्या कानावर आली होती. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे याला ठाऊक होतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटला. "खरं बोललात, बरं केलंत. किल्ली द्या."

बरंभाऊनं किल्ली काढली. द्यायच्या आधी ती पिवळ्या फडक्यानं पुसली. एका बाजूनं पुसली, उलटी करून दुसऱ्या बाजूनं पुसली, आणि मग बाईंच्या हातावर ठेवली.

आता उस्तादांना फक्त गप्प बसायचं होतं. सगळ्यात सोपं काम, एकही पाना लागत नाही. सहा खेकडे वाचले, पाटी वाचली, अठरा वर्षांची इभ्रत वाचली. खाली जाऊन पाटीखालचा खडू पुसला की झालं. पण त्यांच्या डोळ्यांसमोरून ती किल्ली हलेना. आपल्या घरात दोन वर्षं जो माणूस ताटाखालचं पाणीसुद्धा पुसून उठायचा, त्याला आपण एकदाही धड शब्दानं हाक मारली नाही, हे त्यांना आत्ता, या चढावर, जळक्या रबराच्या वासात आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. चांगलीच वाटली.

"बाई, तो खोटं बोलतोय," उस्ताद म्हणाले.

"दाजी," बरंभाऊ कुजबुजला, "राहू दे ना."

"तू गप्प. म्हणजे... थोडा वेळ गप्प. खिशातलं काढ ते."

बरंभाऊनं पाचर काढून दिली. बाईंनी ती उलटसुलट करून बघितली. कडा कानशीनं घासून गोल केल्या होत्या आणि हरवू नये म्हणून भोक पाडून दोरी ओवली होती. उस्तादांनी सगळं सांगितलं. अंगण, गिऱ्हाइकं, किंचाळी, आणि स्वतःचे शब्द, हात तोडण्यासकट. 'उद्या मी स्वतः येऊन सांगितलं तरी' इथं पोचताना ते बाईंकडे न बघता टायरशी बोलले.

"म्हणजे दुरुस्ती पक्की," बाई म्हणाल्या.

"हो."

"चालकही पक्का."

"हो, बाई. मास्तर कच्चा."

बाईंनी पाचर तिच्या दोरीला धरून समोर टांगली. मग म्हणाल्या, "तीस वर्षं मुलं शिकवली मी. न ऐकणारी शेकड्यांनी पाहिली. सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा एक तरी मिळावा म्हणून जीव आसुसला. तो असा एक होता, आणि नेमका तुमच्या हाती लागला!"

उस्तादांनी मान खाली घातली. शाळेत कधी घातली नव्हती तेवढी.

"फळ्यावरच्या चार रेघा मी चालकापुढून पुसते आणि तुमच्या नावापुढे ओढते," बाई म्हणाल्या. "आजची धरून पाच. गाड्या तुमच्याकडेच राहतील, कारण हात चांगला आहे तुमचा. जीभ नाही. तर आता बेल्ट बदला आणि त्याला पुन्हा शिकवा. माझ्यासमोर. ओरडायचं नाही."

पुली निवेपर्यंत ते थांबले. बरंभाऊनं न सांगता चाकांमागे दगड लावले. मग उस्तादांनी झाकण उघडून बेल्टच्या चिंध्या काढल्या, पुली पुसली आणि जादा आणलेला बेल्ट चढवला. बरंभाऊ एकेक पाना हातात देत होता, मागायच्या आधी. हे तो गॅरेजातही करायचा का? करत असणार. उस्तादांनी कधी बघितलं नव्हतं.

बाईंनी किल्ली परत दिली. दोघं गाडीत बसले. बाई बाजूला झारी घेऊन परीक्षेला उभ्या राहिल्या.

"पाय ब्रेकवर," उस्ताद खालच्या आवाजात म्हणाले. ओरडायचं नाही म्हटल्यावर त्यांना आवाज कुठं ठेवावा ते कळेना. "गाडी पूर्ण थांबलेली हवी. इंजिन शांत होऊ दे. झालं? आता दांडा शेवटच्या खाचेत ने."

बरंभाऊनं दांड्याला हात लावून मागे घेतला. "दाजी, तो आधीचा हुकूम?"

"मागे घेतला."

"तुम्ही जिवंत आहात तोवर, असं होतं."

"जिवंतपणीच मागे घेतला! बाई साक्षीला आहेत!"

"आहे," बाई म्हणाल्या.

बरंभाऊनं डोळे मिटून दांडा खाली नेला. टक. बस, एवढंच. आठ महिने ज्या खाचेला तो घाबरत होता, तिनं फक्त एवढाच आवाज केला. त्यानं ब्रेक सोडला, ॲक्सिलरेटर हलकेच दाबला, आणि चार नंबर वीस पोती घेऊन बैलाच्या संथपणानं चढू लागली. धूर नाही, वास नाही. बाई शेजारून चालत होत्या आणि त्याच पुढे निघाल्या, पण गाडी चढत होती. दुसरं वळण आलं, गेलं.

"शाब्बास," उस्ताद म्हणाले.

शब्द आपसूक निसटला. गाडी खाडकन थांबली. मागचं एक पोतं दोरातून निसटून खाली पडलं.

"काय झालं?" उस्ताद दचकून म्हणाले.

"काही नाही, दाजी." बरंभाऊ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होता. "तुम्ही काहीतरी म्हणालात."

"अरे, चढावर गाडी कधीही थांबवायची..." उस्तादांनी आपलीच जीभ दातांखाली धरली. मग त्यांनी श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादा हुकूम नट आवळावा तसा, जपून, फेऱ्याफेऱ्यानं घट्ट केला. "हे बघ. चढावर शक्यतो थांबवू नये. पण माणूस आडवा आला तर थांबवायची. बाईंनी हात दाखवला तर थांबवायची. तुला स्वतःला वाटलं की थांबावं, तर थांबवायची. आणि माझं सांगणं चुकतंय असं वाटलं तर मला तोंडावर सांगायचं. कळलं?"

"बरं, दाजी." तो घुटमळला. "आता सांगू एक?"

"सांग."

"ते मघाचं तुम्ही फार हळू म्हणालात. ओरडायचं नाही ते शिकवताना. हे ओरडलात तरी बाई काही म्हणणार नाहीत."

उस्तादांनी वर बघितलं. बाई वाफ्याच्या कडेला पाठ करून उभ्या होत्या आणि ओल्या असलेल्या रोपांनाच पुन्हा पाणी घालत होत्या. कपाटावरची गादी आता कुणाला तरी देऊन टाकावी, असं उस्तादांच्या मनात आलं. पाटीखालचा खडू मात्र पुसायचा नाही.

मग ते खच्चून ओरडले, अंगणात ओरडले होते तेवढ्याच जोरात, "शाब्बास!"

बरंभाऊनं ब्रेक सोडला. गाडी चढू लागली. उस्तादांनी तोंड दुसरीकडे फिरवून डोळे पुसले आणि धूर फार झाला म्हणाले.

"धूर नाहीये, दाजी," बरंभाऊ म्हणाला.